पहिली चिठ्ठी



मी शिवडीचा. शिवडी म्हटलं की हल्ली लोकांना खाडीतले फ्लेमिंगो आठवतात, नाहीतर २०२४ साली सुरू झालेला अटल सेतू. आमच्या लहानपणी शिवडी म्हणजे टी.बी. हॉस्पिटल, पोर्ट ट्रस्टची गोदामं, कापसाचे गठ्ठे आणि हार्बर लाईनची गाडी. बर्फाशी आमचा संबंध दोनच ठिकाणी यायचा. एक, शाळेबाहेरच्या गोळेवाल्याकडे आणि दोन, कोळणीच्या टोपलीत. आणि तरीही आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते बर्फावर नाचणाऱ्या जोड्यांविषयी. फिगर स्केटिंगची युगल स्पर्धा. तिथे गुण कसे देतात, आणि कुठली जोडी कितव्या क्रमांकानं उतरते, याविषयी.

शिवडीच्या माणसाला हे कुठून सुचलं, असं तुम्ही विचाराल. सांगतो.

मी महापालिकेच्या शाळेत शिक्षक होतो. स्नेहसंमेलनं बसवायचो, मुलांची नाटुकली, कोळीनृत्यं, लेझीम वगैरे. त्यामुळे गणपती आले की आसपासच्या मंडळांतून बोलावणं यायचं, 'गुरुजी, परीक्षक म्हणून या.' शिवडी, लालबाग, परळ, नायगाव हा सगळा भाग स्पर्धांचा. रांगोळी, पाककृती, भजन, वक्तृत्व, एकांकिका, काय वाटेल ते. मानधन म्हणजे नारळ, शाल आणि कधी पाकिटात एकावन्न रुपये. आणि मान मात्र असा, की स्टेजसमोरच्या टेबलावर पांढरा कपडा, त्यावर पाण्याचे ग्लास, आणि मागून शंभर डोळे आपल्या पेनावर.

१९९१ साली एका मंडळानं युगल नृत्यस्पर्धा ठेवली होती. बावीस जोड्या आल्या. क्रम ठरवायला एका स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. पहिली चिठ्ठी निघाली एका भावा-बहिणीची. मुलगा बारा-तेरा वर्षांचा, मुलगी दहा-अकराची. वडील बंदरावर माथाडी कामगार. दोघांनी कोळीनृत्य केलं. माईक अजून कुईकुई करत होता, मागे खुर्च्या लावण्याचं काम चाललेलं, प्रेक्षक निम्मेसुद्धा आले नव्हते. गाणं एकदा मध्येच अडकलं. टेपवाल्यानं कॅसेट काढून, पेन्सिल घालून फिरवली, पुन्हा लावली. तेवढा वेळ ती दोघं होती तिथेच, वल्हं मारायच्या पवित्र्यात, एक पाय पुढे ठेवून उभी राहिली. गाणं सुरू झालं तशी त्याच ठेक्यावर पुढे निघाली. एकमेकांकडे न बघता दोघांची पावलं एका वेळी पडत होती.

आम्ही तीन परीक्षक. प्रत्येकाकडे पन्नास गुण. ताल, पदन्यास, हावभाव, वेशभूषा, एकूण परिणाम, प्रत्येकी दहा. मला नाच फार आवडला होता. पण मी मनात म्हटलं, ही तर पहिलीच जोडी. अजून एकवीस यायच्या आहेत. आत्ताच चाळीस दिले तर पुढे याहून चांगले आले की काय करायचं? मी एकतीस दिले.

रात्री साडेबारापर्यंत स्पर्धा चालली. अकरानंतर प्रेक्षक गच्च भरले, शिट्ट्या सुरू झाल्या, पोरं खांबावर चढून बसली. माझेही हात सैल झाले. सदतीस, एकोणचाळीस, एकवीसाव्या जोडीला तर त्रेचाळीस. निकाल लागला तेव्हा तिसऱ्या क्रमांकाला तिघांचे मिळून एकशे तीन गुण होते. त्या भावा-बहिणीला शंभर. माझे एकतीस, बाकीच्या दोघांचे चौतीस आणि पस्तीस. म्हणजे मी एकट्यानं चार गुण जास्त दिले असते, तर भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या घरी गेलं असतं. आणि आज विचाराल तर त्यांच्या नाचाला अडतीसच्या खाली द्यायला नकोच होते. मग तर ती दुसरी आली असती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाक्यावर मुलांचे वडील भेटले. भांडायला आले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "गुरुजी, निकालाबद्दल काई नाई म्हणायचं. पोरांचं कुठं चुकलं तेवढं सांगा. पुढच्या साली सुधारतील."

चुकलं नव्हतंच. चूक एवढीच, की चिठ्ठी पहिली निघाली. ते काही मला सांगता आलं नाही. मी म्हटलं, "सराव थोडा कमी पडला." पुढच्या वर्षी ती दोघं स्पर्धेला आली नाहीत. मी चौकशीही केली नाही.

अकरा वर्षांनी, २००२च्या फेब्रुवारीत, वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर एक बातमी आली. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला हिवाळी ऑलिंपिक चालू होतं. ११ फेब्रुवारीला फिगर स्केटिंगच्या युगल स्पर्धेचा निकाल लागला आणि त्यावरून जगभर गदारोळ उठला. मी केबलवर त्या दोन्ही नाचांचे तुकडे पाहिले. त्यानंतर मिळेल तिथून या खेळाच्या गुणपद्धतीविषयी वाचत राहिलो. घरचे म्हणायचे, याला साठीच्या आधीच लागलं. पण मला त्यात माझे एकतीस गुण दिसत होते.

आधी हा खेळ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. एक पुरुष आणि एक स्त्री, पायात पात्याचे बूट, आणि बर्फाचं मैदान. तो तिला डोक्यावर एका हातानं उचलतो आणि त्याच वेगात घसरत राहतो. तिला फेकतो, ती हवेत तीन गिरक्या घेऊन एका पायावर उतरते. दोघं शेजारी शेजारी उड्या मारतात, त्याही एकाच क्षणी उठून एकाच क्षणी टेकल्या पाहिजेत. स्पर्धा दोन भागांत होते. पावणेतीन मिनिटांच्या आसपासचा छोटा कार्यक्रम आणि दुसरा चार मिनिटांच्या आसपासचा मोठा. शर्यतीसारखं यात घड्याळ निकाल देत नाही. निकाल देतात बर्फाच्या कडेला बसलेले परीक्षक.

त्या काळी प्रत्येक परीक्षक दोन गुण द्यायचा, एक तंत्राचा आणि एक सादरीकरणाचा. दोन्हींना कमाल सहा. पाच पूर्णांक सात, पाच पूर्णांक आठ, असे. ऐकायला वाटतं की सहापैकी एवढे म्हणजे पोरं हुशार. पण गंमत पुढे आहे. हे गुण सगळ्यांचे मिळून बेरीज करायचे नसायचे. एका परीक्षकाचे दोन गुण मिळवून फक्त त्याच्या कागदावरचा क्रम काढायचा. तुझ्या मते पहिलं कोण, दुसरं कोण. मग नऊ परीक्षकांपैकी जास्त जणांनी ज्या जोडीला वर ठेवलं, ती वर.

याचा अर्थ लक्षात घ्या. पाच पूर्णांक सात हा त्या नाचाचा गुण नव्हताच. ती एक जागा होती. आपल्या लोकल गाडीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा तो आकडा. पहिल्या जोडीला परीक्षक रुमाल टाकणार तो मागे पुढे जागा सोडून. वर किती जणांना बसवायचं आहे ते त्याला माहीत नाही. म्हणून पहिल्याला कधी खुल्या हातानं मिळायचं नाही. एकदा गुण जाहीर झाला की तो बदलता येत नाही, आणि सहाच्या वर तर काहीच नाही.

याची त्या लोकांना कल्पना नव्हती असं नाही. पहिल्या स्पर्धकानंतर मुख्य पंच सगळ्या परीक्षकांच्या गुणांचा मधला आकडा काढून त्यांना सांगत असे, म्हणजे सगळ्यांच्या पट्ट्या एका उंचीवर याव्यात. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, आमच्या मंडळात हे कोणाला सुचलं असतं तर! पण मग लक्षात आलं, की त्यानं परीक्षकांची सोय होते. पहिल्या जोडीचे गुण वाढत नाहीत.

मोठ्या कार्यक्रमाचा उतरण्याचा क्रम छोट्या कार्यक्रमाच्या निकालावर ठरायचा. छोट्यात मागे पडलेले आधी, वरच्या जागांवरचे शेवटच्या गटात, आणि गटातल्या गटात चिठ्ठ्या. म्हणजे पहिल्या दिवशीच्या चिठ्ठीत ज्याचा आकडा लवकर निघाला आणि त्यामुळे गुण थोडे कमी पडले, तो दुसऱ्या दिवशीही लवकरच उतरणार. चिठ्ठी एकदाच निघते, पण तिचं व्याज दोनदा भरावं लागतं.

आता सॉल्ट लेकला काय झालं ते. छोट्या कार्यक्रमानंतर पहिल्या क्रमांकावर रशियाची येलेना बेरेझ्नाया आणि अँतोन सिखारुलिद्झे ही जोडी होती. दुसऱ्यावर कॅनडाची जेमी साले आणि डेव्हिड पेल्तिए. मोठ्या कार्यक्रमाच्या आधी सगळे एकत्र सराव करत असताना साले आणि सिखारुलिद्झे यांची धडक झाली. मग रशियन जोडी आधी उतरली. नाच देखणा, पण एका उडीनंतर सिखारुलिद्झेचा पाय नीट टेकला नाही, तो अडखळला. त्यानंतर कॅनडाची जोडी उतरली आणि कुठेही न चुकता नाचली. शेवटी पेल्तिए गुडघ्यावर बसून बर्फाला ओठ लावत होता. प्रेक्षक ओरडत होते, 'सहा, सहा.'

निकाल लागला पाच विरुद्ध चार, रशियाच्या बाजूनं. रशिया, चीन, पोलंड, युक्रेन आणि फ्रान्स या देशांचे परीक्षक एकीकडे, अमेरिका, कॅनडा, जर्मनी आणि जपान यांचे दुसरीकडे.

माझ्या सिद्धांताप्रमाणे इथे नंतर आलेल्या जोडीचं पारडं जड व्हायला हवं होतं. झालं उलट. म्हणजे क्रम हेच सर्वस्व नव्हे, हे मला मान्य करावं लागलं. क्रमापेक्षा मोठी गोष्ट टेबलाच्या पलीकडे बसलेली असते. फ्रान्सच्या परीक्षक मारी-रेन ल गून्य यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, की आपल्या देशाच्या संघटनेच्या अध्यक्षांनी आपल्यावर दबाव आणला होता. आरोप असा होता, की फ्रान्सनं इथे रशियाला मत द्यायचं आणि त्या बदल्यात बर्फनृत्याच्या वेगळ्या स्पर्धेत रशियानं फ्रान्सच्या जोडीला मदत करायची. पुढे त्यांनी आपलं म्हणणं फिरवलं. पण १५ फेब्रुवारीला निर्णय झाला आणि १७ तारखेला कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक देण्यात आलं. रशियन जोडीचं सुवर्ण कायम राहिलं. ल गून्य आणि ते अध्यक्ष दिदिए गाय्याघे या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली.

रशियन जोडीबद्दल मला नेहमी वाईट वाटतं. ती दोघं काही कोणाला मत मागायला गेली नव्हती. बेरेझ्नायाच्या तर डोक्याला काही वर्षांपूर्वी सरावात आधीच्या जोडीदाराच्या बुटाचं पातं लागलं होतं, बोलायलासुद्धा तिला पुन्हा शिकावं लागलं होतं. त्यातून उठून ती ऑलिंपिकला आली. आणि तिच्या सुवर्णावर कायमचा डाग राहिला तो दुसऱ्याच्या पेनाचा.

परीक्षकांचा पक्षपात ही तशी जुनीच गोष्ट. १९२७ साली ओस्लोला महिलांच्या जागतिक स्पर्धेत पाच परीक्षकांपैकी तिघं नॉर्वेचे होते आणि त्या तिघांनी नॉर्वेच्याच सोन्या हेनीला पहिलं केलं. बाकीच्या दोघांनी ऑस्ट्रियाच्या मुलीला. त्यानंतर नियम झाला, एका देशाचा एकच परीक्षक. आमच्याकडेही असा नियम आहे, पण तोंडी. ज्या चाळीची जोडी, त्या चाळीचा परीक्षक नको. तरीही कोणाचा तरी भाचा निघतोच.

सॉल्ट लेकच्या प्रकरणानंतर ती सहाची पद्धतच काढून टाकली. २००४मध्ये नवी पद्धत स्वीकारली गेली. तिचं मूळ मला फार पटलं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. आता नाचाचे तुकडे पाडतात. ही उचल, ही फेक, ही गिरकी, ही शेजारी शेजारी मारलेली उडी. प्रत्येक तुकड्याला त्याच्या अवघडपणाप्रमाणे ठरलेली किंमत आहे, किराणा दुकानातल्या भावफलकासारखी. काय केलं हे ठरवणारे तांत्रिक अधिकारी वेगळे. शंका आली तर ते चित्रफीत पुन्हा बघतात, गिरकी पूर्ण झाली की पाव राहिली. ते कसं केलं हे परीक्षक सांगतात. आधी उणे तीन ते अधिक तीन असं होतं, २०१८पासून उणे पाच ते अधिक पाच. नऊ परीक्षकांचा सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा गाळून बाकीच्यांची सरासरी. मग एकूण सादरीकरणाचे गुण वेगळे. आणि या सगळ्याची बेरीज. जागा धरणं नाही, रुमाल नाही. पहिल्या जोडीनं केलेल्या फेकीची किंमत आणि शेवटच्या जोडीनं केलेल्या फेकीची किंमत एकच. वरची हद्दही नाही. पहिल्या जोडीला जगातले सर्वांत जास्त गुण दिले, तरी नंतरच्या जोडीला त्याहून जास्त देता येतात.

एक गोष्ट मात्र त्यांनी तेव्हा चुकीची केली, असं माझं मत. दबाव येऊ नये म्हणून कुठल्या परीक्षकानं किती दिले ते झाकून ठेवलं. कोण जाणे, त्यांना वाटलं असेल की नाव झाकलं की माणूस निर्भय होतो. मला उलट वाटतं. माझ्या कागदावर माझी सही नसती तर मी त्या माथाडी कामगाराला सहज सांगितलं असतं, की तुमच्या मुलांना मी चांगले गुण दिले होते, बाकीच्यांनी घोळ केला. २०१६मध्ये त्यांनी हा पडदा काढला. बरं झालं.

मग पहिल्याचं दु:ख संपलं का? सगळं नाही. उडीची किंमत ठरवता येते, पण 'छान दिसलं' याची ठरवता येत नाही. सादरीकरणाचे गुण अजूनही माणूसच देतो. आणि छोट्या कार्यक्रमाच्या चिठ्ठ्याही सगळ्यांच्या एका डब्यात नसतात. जागतिक क्रमवारीत वरचे असतात त्यांच्या चिठ्ठ्या शेवटच्या गटांसाठी वेगळ्या. म्हणजे नावाजलेले शेवटी, नवखे आधी. प्रेक्षक तोवर जमलेले, परीक्षक तोवर मोकळे झालेले. शेवटच्या गटात नुसतं मैदानात पाऊल टाकलं तरी दोन गुण पदरात पडतात, अशी कुरकुर त्या खेळात कायम ऐकू येते.

हा माझा एकट्याचा संशय नाही. वांडी ब्रुइने द ब्रुइन या संशोधक बाईंनी २००५ आणि २००६ साली याच विषयावर दोन अभ्यास प्रसिद्ध केले. एक युरोव्हिजन गीतस्पर्धेच्या निकालांवरही, दुसरा फिगर स्केटिंगवर. नंतर येणाऱ्यांना गुण जास्त मिळतात, असंच त्यांना आढळलं. त्याच्याही आधी, १९९६ साली, दोन अर्थतज्ज्ञांनी ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ पियानो स्पर्धा तपासली होती. तिथेही वाजवण्याचा क्रम चिठ्ठ्यांनीच ठरतो, आणि तिथेही पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांच्या वाट्याला वरचे क्रमांक कमी. पियानो ऐकणारे ते परीक्षक म्हणजे जगातले मोठे मोठे कलावंत. त्यांचीही तीच तऱ्हा, तर शिवडीच्या मास्तराचं काय!

मला तर वाटतं, या बाबतीत डोळा हा चुलीवरच्या तव्यासारखा आहे. पहिली भाकरी तवा तापवण्यात जाते. पीठ तेच, थापणारी बाई तीच. घरोघरी ती पहिली भाकरी कोणाच्या ताटात जाते, ते आपल्याला माहीत आहे.

आपल्याकडे बर्फ नाही, पण जोडीनं करायचे आणि परीक्षकांनी जोखायचे खेळ आता आहेत. २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत चाकांच्या स्केटिंगमध्ये अनुप कुमार यामा आणि अवनी पांचाळ या आपल्या जोडीनं कांस्यपदक मिळवलं, हे किती जणांना आठवतं? योगासनांना डिसेंबर २०२०मध्ये केंद्र सरकारनं स्पर्धात्मक खेळाची मान्यता दिली. त्यात कलात्मक जोडी, तालबद्ध जोडी असे प्रकार आहेत. दोन मुली संगीतावर एकाच श्वासात एका आसनातून दुसऱ्यात जातात. ते पाहताना मला थेट बर्फावरच्या जोड्या आठवतात, कारण मेख तीच, दोघांचं एक दिसलं पाहिजे. आणि आमच्या दादरचा मल्लखांब तर आहेच. फेब्रुवारी २०१९मध्ये शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, ती मी जाऊन पाहिली. परदेशी मुलं खांबावर चढताना बघून ऊर भरून आला. पण माझी नजर पुन:पुन्हा खांबावरून टेबलाकडे जात होती. मुलगा उतरला, की परीक्षक आकडा लिहिण्याआधी क्षणभर थांबतो का, ते मी बघत होतो.

हे सगळं वाचल्यावर मी माझ्यापुरते काही बदल केले. पहिला म्हणजे, जोडी नाचत असताना आकडा लिहायचा नाही. शब्द लिहायचे. 'तिसऱ्या कडव्यात मुलीचा पाय उशिरा', 'गिरकी स्वच्छ', 'दोघांचं हसू खरं'. आकडा नंतर. यामुळे रात्री बाराला मागे वळून पाहिलं तर पहिली जोडी निदान कागदावर तरी जिवंत असते. नाहीतर बावीस जोड्यांनंतर पहिलीचं काय आठवणार? लाल लुगडं, एवढंच. पाच जोड्या झाल्या की पहिल्या पाचांचे आकडे पुन्हा तपासायचे, हेही मी मंडळांकडून कबूल करून घ्यायला लागलो. सुरुवातीला लोक संशयानं बघायचे, की गुरुजी खाडाखोड का करतायत? मग मी खाडाखोडीवर सही करायला लागलो.

तरी खोड पूर्ण गेली असं म्हणवत नाही. माझे जुने कागद मी जपून ठेवले आहेत. एका पावसाळ्यात बसून सगळे काढले. २००२च्या आधीचे आणि नंतरचे. नंतरच्या कागदांतसुद्धा रात्र चढेल तसे माझे आकडे चढतात. पूर्वीइतके नाही, पण चढतात. बायको म्हणाली, "शेवटी शेवटी खरंच चांगले नाचत असतील." असेलही. पण चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवल्यावर दर वर्षी चांगल्याच जोड्या शेवटी कशा येतील?

२०१८चं हिवाळी ऑलिंपिक दक्षिण कोरियात प्योंगचांगला झालं. तोवर मी निवृत्त झालो होतो आणि नातवानं मोबाईलवर लावून दिलं की बघत बसायचो. युगल स्पर्धेत जर्मनीची अलियोना सावचेन्को आणि ब्रुनो मासो ही जोडी होती. सावचेन्कोचं ते पाचवं ऑलिंपिक, वय चौतीस. छोट्या कार्यक्रमात मासोची एक उडी फसली, तीन गिरक्यांच्या जागी दोनच झाल्या, आणि ती दोघं चौथ्या क्रमांकावर गेली. मोठ्या कार्यक्रमात शेवटच्या गटात त्यांना सर्वांत आधी उतरावं लागलं. त्यांच्याहून वरच्या तिन्ही जोड्या त्यांच्यानंतर.

मी मनात म्हटलं, झालं. गटात पहिली. आता परीक्षक जागा राखून ठेवणार.

नाही ठेवली. त्या दोघांचा नाच असा झाला की मी चहाचा कप हातात धरूनच राहिलो. आणि गुण पडले १५९.३१. मोठ्या कार्यक्रमात तोवर कोणाला एवढे मिळाले नव्हते. मग ती दोघं बसून राहिली. एकामागून एक तिन्ही जोड्या आल्या, त्यांत चीनची सुई वेनजिंग आणि हान त्सोंग. बेरीज झाली. जर्मनीचे २३५.९०, चीनचे २३५.४७. शून्य पूर्णांक त्रेचाळीस शतांशाचा फरक. सावचेन्को रडायला लागली. इथे शिवडीत मीही. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही ओळखता का यांना?"

जुनी पद्धत असती, तर त्या जोडीला तेवढे गुण देण्याचा धीर किती परीक्षकांना झाला असता, कोण सांगणार. मला झाला नसता, एवढं मी खात्रीनं सांगतो.

ती भावंडं आता कुठे असतात, मला ठाऊक नाही. त्यांची चाळ पुनर्विकासात गेली, माणसं पांगली, काही बदलापूरला, काही पनवेलला. कधी तरी हार्बर लाईनच्या गाडीत पन्नाशीकडे झुकलेला एखादा गृहस्थ दिसतो आणि वाटतं, हाच तो मुलगा असेल का? भेटला तर सांगायचं आहे, सराव कमी पडला नव्हता. वडिलांना सांगायचं राहिलं.

अजूनही वर्षातून एखाद-दुसरं मंडळ मला बोलावतं. जाण्याआधी माझी एकच अट असते. चिठ्ठ्या काढण्यापूर्वी मंडळातल्याच कोणीतरी दोन पोरांनी स्पर्धेबाहेर एक नाच करून दाखवायचा. कसाही. आम्ही परीक्षक त्याला गुण देतो, मोठ्यानं वाचून दाखवतो, कोणाचे कमी कोणाचे जास्त यावर आपसात बोलतो आणि कागद फाडून टाकतो. तोवर माईकही ताळ्यावर येतो आणि खुर्च्याही लागतात. मग खरी पहिली चिठ्ठी. नाच करणाऱ्या त्या दोन पोरांना मी माझ्या खिशातून कुल्फी देतो. मंडळाच्या चिटणिसाला मात्र हा प्रकार अजिबात पसंत नसतो. तो घड्याळ दाखवत टेबलाशी येतो आणि कानात सांगतो, "गुरुजी, तुमचं ते ट्रायल आटपा लवकर. दहाला माईक बंद करायचाय."